मलबारी चापड्याचा अभ्यास सुरू करताना

सह्याद्रीतील सापांचा अभ्यास करू इच्छिणारे तरुण सुरुवात कोणत्या सापापासून करावी असे विचारतात, तेव्हा मी बहुधा मलबारी चापड्याचेच नाव घेतो. हा विषारी साप झाडाझुडपांवर राहतो आणि जगात केवळ पश्चिम घाटात आढळतो; पण त्याचे नाव सुचवण्याचे खरे कारण असे की, तो एकाच फांदीवर अनेक दिवस ठाण मांडून बसतो. सापाला हात न लावता त्याचा अभ्यास कसा करावा, हे ज्याला शिकायचे आहे त्याच्यासाठी ही मोठीच सोय आहे.

ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जर्डन यांनी १८५४ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. जुन्या ग्रंथांत ती ट्रायमेरेसुरस या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात, genus) दिसते, आता ती क्रॅस्पेडोसेफॅलस प्रजातीत मोडते; संदर्भ शोधताना दोन्ही नावे पाहावीत. आंबोली, चोर्ला घाट, कर्नाटकातील आगुंबे अशा धो-धो पावसाच्या जंगलांत, विशेषतः ओढ्याकाठच्या झुडपांवर आणि खडकांवर, हा साप पावसाळ्यात सहज दिसतो. रंगावरून मात्र त्याला ओळखू नये. हिरवा, पिवळा, तपकिरी, नारिंगी छटांचे साप एकाच ओढ्यावर सापडतात. पाठीवरील गडद नागमोडी नक्षी, त्रिकोणी रुंद डोके, बारीक मान आणि फांदीला विळखा घालणारी शेपटी हे सगळे एकत्र पाहूनच निर्णय करावा.

डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये असलेली खाच हे चापड्याचे सर्वांत विलक्षण इंद्रिय होय. तिच्या आत ताणून बसवलेला पातळ पडदा मज्जातंतूंच्या टोकांनी भरलेला असतो आणि समोरच्या वस्तूच्या तापमानातील अगदी सूक्ष्म फरकही तो टिपतो. उंदीर किंवा पक्षी अंधारात सापडतो तो यामुळे. नवख्यांना प्रश्न पडतो की, मग थंड रक्ताचा बेडूक याला कसा कळतो? खाच केवळ उष्णता नव्हे, तर आजूबाजूच्या तापमानातील फरक ओळखते, आणि हालचाल पाहायला त्याचे डोळेही असतातच. एका रात्री शेवाळलेल्या फांदीवर डोके खाली झुकवून बसलेला तपकिरी चापडा मी बराच वेळ पाहत होतो. पावसाचे थेंब त्याच्या भुवईवरच्या खवल्यांवरून ओघळत होते, तरी त्याने जागा सोडली नाही. खालच्या पानावर बेडूक उतरला तेव्हा फक्त मानेची वळी किंचित घट्ट झाली. बेडूक टप्प्यात आलाच नाही आणि माझ्या वहीत त्या रात्री तेवढीच नोंद झाली. अशा नोंदींनाच किंमत असते, हे नवख्या अभ्यासकाने मनापासून मानावे. झाडावर राहणारे चापडे भक्ष्याला दंश केल्यावर बहुधा तोंडातच धरून ठेवतात, कारण सोडले तर ते खाली पाल्यात हरवते. अशी गोष्ट शांतपणे बसणाऱ्यालाच पाहायला मिळते.

वहीत तारीख आणि वेळ तर हवीच, पण बसण्याची उंची, फांदीची जाडी, डोक्याची दिशा, हवेचे तापमान, पाऊस आणि पाण्यापासूनचे अंतर हेही लिहावे. पाठीवरील नक्षीची छायाचित्रे दोन्ही बाजूंनी काढावीत. त्यावरून तोच साप पुन्हा ओळखता येतो आणि खुणेसाठी त्याला पकडण्याची गरज उरत नाही. प्रखर दिवा सतत रोखून धरू नये. मादी अंडी न घालता पिल्लांना जन्म देते, त्यामुळे फुगलेल्या मादीला त्रास होईल इतके जवळ जाणे तर कटाक्षाने टाळावे.

सुरक्षिततेचा विचार जमिनीवरच्या सापांपेक्षा वेगळा करावा लागतो. गमबूट हवेतच, पण हा साप हाताच्या, कधी चेहऱ्याच्या उंचीवर असतो आणि ओढा ओलांडताना आधारासाठी पकडलेली फांदी हाच मोठा धोका ठरतो. म्हणून हात ठेवण्यापूर्वी फांदीवर प्रकाश टाकावा आणि एकट्याने कधीही जाऊ नये. आपल्याकडील प्रतिसर्पविष, म्हणजे सर्पदंशावरचे औषध, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषापासून तयार होते. चापड्यासाठी ते बनवलेले नाही. दंश झाल्यास सहसा तीव्र वेदना आणि सूज येते, तरीही जखम कापणे, घट्ट दोरी बांधणे असले प्रकार न करता अंगठी, घड्याळ काढून, तो अवयव स्थिर ठेवून रुग्णालय गाठावे आणि कोणता साप होता ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. जवळचे रुग्णालय कोणते, हे जंगलात शिरण्याआधीच विचारून ठेवावे.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लक्षात ठेवून वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय राखीव जंगलात रात्री काम सुरू करू नये. छायाचित्रे इतरांना दाखवताना नेमकी जागा सांगू नये, तालुक्याचे नाव पुरे. दिवसेंदिवस एकाच फांदीवर बसणारा साप शोधणाऱ्याला तितक्याच सहज सापडतो, मग तो शोधणारा पकडून नेणारा का असेना.