टोकन देण्याआधी बँकेचं गणित घरीच करून बघा

सँपल फ्लॅट बघून आलं की पहिला प्रश्न ठरलेला, माझा पगार अमुक आहे तर होम लोन किती मिळेल? नुसत्या पगारावर याचं उत्तर देता येत नाही, कारण बँकेला तुम्ही किती कमावता यापेक्षा आधीचे हप्ते जाऊन किती उरतं यात जास्त इंटरेस्ट असतो.

आधी पगार घेऊ. ऑफर लेटरवरचा पॅकेजचा आकडा विसरा, बँक ३ महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, ६ महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि २ वर्षांचा फॉर्म १६ (कंपनी देते तो पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) मागते आणि त्यातून दर महिन्याला नक्की येणारी रक्कम काढते. इन्सेंटिव्ह, ओव्हरटाइम वगैरे बऱ्याचदा अर्धंच धरतात, काही बँका धरतच नाहीत. वरच्या मजल्याचं वगैरे भाडं येत असेल आणि ते रोख घेत असाल तर बँकेसाठी ते नाहीच, करार आणि खात्यात जमा दोन्ही पाहिजे.

आता मेन गोष्ट. सगळे हप्ते मिळून, म्हणजे जुने अधिक हा नवीन, पगाराच्या साधारण ४० ते ५० टक्क्यांच्या आत बसले पाहिजेत, पगार मोठा असेल तर थोडं वर जातात. हप्त्यांच्या पगाराशी असलेल्या या प्रमाणाला बँकवाले फॉयर (FOIR) म्हणतात. समजा हातात ६५,००० येतात, बँकेने ५० टक्के धरले तर हप्त्यांसाठी ३२,५०० झाले. ८.५ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर १ लाखाला साधारण ८६८ रुपये हप्ता बसतो, हा आकडा मोबाईलमध्ये लिहूनच ठेवा. ३२,५०० भागिले ८६८ म्हणजे ३७ लाखांच्या वर लोन. मस्त.

पण समजा बाईकचा हप्ता ४,२०० चालू आहे, पर्सनल लोनचा ७,३०० आहे आणि क्रेडिट कार्डावर ६०,००० थकलेत. कार्डाच्या थकबाकीचे साधारण ५ टक्के महिन्याचा हप्ता म्हणून धरतात, म्हणजे अजून ३,०००. झाले १४,५००. उरले १८,०००, आणि त्यात जेमतेम पावणे एकवीस लाख बसतात! पर्सनल लोनचे राहिलेत समजा दीड लाख, पण त्याच्या एका हप्त्याने होम लोनमधले ८ लाखांच्या वर खाल्लेत. म्हणून हातात थोडे पैसे असतील तर ते सगळे डाउन पेमेंटसाठी जपून ठेवण्यापेक्षा आधी असलं छोटं पण मोठ्या हप्त्याचं लोन बंद करा, एनओसी (लोन फिटल्याचं पत्र) घ्या, आणि सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जांची नोंद असलेल्या क्रेडिट रिपोर्टवर, ते 'क्लोज्ड' दिसतंय का बघा, 'सेटल्ड' (तडजोड करून कमी पैशांत मिटवलेलं) दिसत असेल तर बँक नाक मुरडते. वर्षातून एकदा रिपोर्ट फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

लपवून काही होत नाही बरं का. पतसंस्थेचं कर्ज सिबिलवर नसलं तरी सॅलरी स्लिपवर कपात दिसते. मेव्हण्याला जामीन राहिला असाल तर ते पण तुमच्या रिपोर्टमध्ये येतं, त्याने हप्ते थकवले की अडचण तुमची. (जामीन राहताना हे कुणीच सांगत नाही.)

धंदेवाल्यांची गोची वेगळीच. टॅक्स वाचवायला रिटर्नमध्ये नफा ५ लाख दाखवायचा आणि बँकेत जाऊन सांगायचं की साहेब, खरे १२ सुटतात, असं चालत नाही. सहसा मागच्या २-३ वर्षांचे रिटर्न बघतात, डेप्रिसिएशन (मशीन, गाड्यांची घसारा म्हणून वजा केलेली रक्कम) नफ्यात परत मिळवून धरतात तेवढाच काय तो दिलासा. म्हणजे घर घ्यायचं असेल तर तयारी २-३ वर्षं आधीच सुरू करावी लागते.

पगार कमी पडत असेल तर बायकोला किंवा नवऱ्याला को-ॲप्लिकंट घ्या, फक्त त्यांचे हप्तेही सोबत मोजले जातात हे लक्षात ठेवा. मुदत वाढवूनही लोन वाढतं, पण नोकरदाराला सहसा साठीच्या आत फेडायला लावतात, त्यामुळे पंचेचाळिशीत ३० वर्षं मिळणार नाहीत.

आणि फॉयरमध्ये बसलात तरी बँक पूर्ण किंमत देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या लोनला किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८०, त्याच्या वर ७५. स्टॅम्प ड्युटी या किमतीत धरत नाहीत. म्हणजे पुण्यात ४५ लाखांचा फ्लॅट असेल तर लोन ८० टक्के म्हणजे ३६ लाख, ९ लाख तुमचे, वर ७ टक्क्यांनी ३ लाख १५ हजार ड्युटी आणि ३०,००० रजिस्ट्रेशन, सगळे मिळून साडेबारा लाख जवळ पाहिजेत, ब्रोकर आणि पडदे वेगळे.

हे सगळं जमतंय असं वाटलं की एकाच बँकेकडून आधी सँक्शन लेटर (लोन मंजुरीचं पत्र) घ्या, एकदम पाच ठिकाणी अर्ज टाकू नका, प्रत्येक इन्क्वायरी रिपोर्टवर दिसते. मग टोकन, म्हणजे बुकिंगची रक्कम. आणि लोन झालं नाही तर टोकन परत, हे बिल्डरकडून लिहून घ्या, तोंडी नको.