जनुकतज्ज्ञाकडे जाण्यापूर्वी आईकडची वंशावळ कशी मांडावी

घरातील एखाद्या व्यक्तीला चाळिशीच्या आत फिट्स येऊ लागल्या, पक्षाघातासारखे झटके आले आणि न्यूरॉलॉजिस्टने मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म भागांच्या) आजाराची शंका व्यक्त केली, तर जनुकतज्ज्ञाची वेळ घेण्याआधी नातेवाइकांनी आईकडची वंशावळ कागदावर मांडावी. माझ्या मावसभावाच्या पहिल्या केसपेपरवर ‘कुटुंबात असा आजार नाही’ एवढीच नोंद होती, कारण विचारणा झाली ती फक्त फिट्सची आणि तीही त्याच्या वडिलांकडच्या माणसांकडे. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या मावशीला, अंगाने बारीक असूनही तिशीतच मधुमेह झाला होता आणि माझ्या आईला ऐकू कमी येत होते, हे कोणी विचारले नाही; आणि याच आजाराची ती खूण असू शकते हे माहीत नसल्याने आम्हालाही सांगावेसे वाटले नाही.

शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो, म्हणून मायटोकॉन्ड्रियात बिघाड झाला की मेंदूला त्याची झळ लवकर लागते. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए अवघा १६,५६९ अक्षर-जोड्यांचा (बेस पेअर) आणि ३७ जनुकांचा असून तो आईकडूनच मुलांना मिळतो.

कोथरूडच्या घरी भाऊबीजेला सगळे जमले असताना आम्ही मोठा कागद पसरून सर्वांत वर आजीचे नाव लिहिले. मराठीतली नात्यांची नावे या कामी फार मोलाची आहेत. रुग्णाची मावशी व मावसभावंडे आईकडच्या याच फांदीवर येतात. मामाला मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतील दोष मिळू शकतो, पण मामेभावंडांना तो मामाकडून जात नाही. आत्या आणि काका या फांदीवर येतच नाहीत. मात्र वडिलांकडची माहिती वेगळ्या कागदावर अवश्य लिहावी आणि नात्यात झालेले लग्नही नोंदवावे, कारण मायटोकॉन्ड्रियाचे काही आजार पीओएलजीसारख्या, पेशीच्या केंद्रकातील जनुकांमुळे होतात आणि ते दोन्ही बाजूंनी येऊ शकतात.

प्रत्येकाबद्दल नेमके विचारावे: ऐकू कधीपासून कमी येते, मधुमेह कितव्या वर्षी झाला, अर्धशिशी, झुकलेली पापणी, हृदयाचा त्रास, लहानपणी दगावलेले मूल. ‘म्हातारपणामुळे’ हे उत्तर मिळाले तर वय विचारावे. आजीबद्दल मामा तेच म्हणाला. मग त्याच्याच मुंजीचा फोटो निघाला आणि त्यात आजीच्या पदराआडून कानाकडे गेलेली श्रवणयंत्राची बारीक वायर दिसली. तेव्हा आजी पस्तिशीचीही नव्हती.

तपासणीच्या वेळी मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची तपासणी त्यात आहे का, हे स्पष्ट विचारावे, कारण जनुकांतील प्रथिने बनवणारे भाग वाचणाऱ्या नेहमीच्या एक्झोम तपासणीत तिचा समावेश असेलच असे नाही. नमुना कोणता घेणार, हेही विचारावे. फिट्स आणि पक्षाघातासारखे झटके आणणाऱ्या मेलास या मायटोकॉन्ड्रियाच्या आजारात बहुतेकदा त्याच्या डीएनएतील ३२४३ या स्थानावर ‘ए’ या अक्षराच्या जागी ‘जी’ आलेला आढळतो; रक्तातील त्याचे प्रमाण वयानुसार घटत जाते, म्हणून मोठ्या माणसांत लघवीचा किंवा स्नायूचा नमुना अधिक खात्रीचा ठरतो. आमच्या मावशीच्या रक्तात दोष जेमतेम दिसला, लघवीत तो ठळक होता.

रिपोर्टमधील टक्केवारी म्हणजे त्या नमुन्यातील मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या किती प्रती सदोष आहेत त्याचे प्रमाण; मेंदूतील प्रमाण तेवढेच असेल असे समजू नये. एकाच आईच्या मुलांमध्येही हे प्रमाण फार वेगवेगळे असू शकते.

घरात कोणाला उतारवयात पार्किन्सन्स झाला असेल, तर तो या फांदीवरचाच आजार असे लगेच ठरवू नये. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत मेंदूच्या सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातील पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचे तुकडे गळालेले आढळले, पण ही गळती वयाबरोबर त्याच पेशींत साचत जाते. ती आईकडून आलेली नसते.

फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट सुरू असेल तर डॉक्टरांना ते पहिल्याच भेटीत सांगावे, कारण पीओएलजीच्या दोषात या औषधाने यकृत निकामी होऊ शकते. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

कागदाच्या तीन प्रती काढाव्यात: एक तज्ज्ञांना, एक फाइलमध्ये आणि एक मावशीकडच्या मुलींसाठी, कारण मूल होऊ देण्यापूर्वी त्यांना जनुकीय समुपदेशन घेता यायला हवे.