जुनी गाडी घेऊन वऱ्हाडात आलात? आधी पीयूसीचं बघा

बदली होऊन आलं की पहिल्या महिन्यात आपण घर शोधतो, गॅसचं बघतो, मुलांचे दाखले शाळेत नेऊन देतो. गाडीच्या कागदांकडे कोणाचं लक्ष जात नाही. माझंही गेलं नव्हतं. २००६ च्या जूनमध्ये मी सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावहून यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याला आले, कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला. मागोमाग भावानं जुनी पेट्रोल गाडी आणून दिली. दिवाळी झाली, पीयूसी म्हणजे प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र संपलं, म्हणून केंद्रावर गेले. तिथल्या पोरानं सायलेन्सरमध्ये नळी घातली, आकडा पाहिला आणि मान हलवली. "नाई होत जी मॅडम. सीओ लय जास्त येऊन राहिला."

सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. मी मागे जाऊन बघितलं. धूर औषधालाही नव्हता. साताऱ्यात सहा महिन्यांपूर्वी पास झालेली गाडी इथं कशी नापास होते, म्हणून मी त्याच्याशी हुज्जत घातली. तो बिचारा हसत राहिला. मशीन बरोबरच होतं. सहा महिन्यांत गाडीच्या पोटात काय काय गेलं होतं, ते मला माहीत नव्हतं.

तेव्हापासून बदल्यांचा मोसम आला की नव्या शिक्षकांना, बँकवाल्यांना हेच सांगत बसते. शकुंतला ही इथली छोटी रेल्वे बंद पडल्यापासून तर गाडीशिवाय इथं पान हलत नाही.

आधी आपली गाडी कोणत्या बीएसची, म्हणजे भारत स्टेज या प्रदूषण मानकाच्या कोणत्या टप्प्याची आहे ते बघा. एम-परिवहन ॲपवर नोंदणीचा तपशील उघडलात की दिसतं. नुसत्या सालावरून अंदाज बांधू नका. बीएस-४ देशभर लागू झालं एप्रिल २०१७ मध्ये, पण पुणे, मुंबई, सोलापूर अशा ठरावीक शहरांत ते २०१० पासूनच होतं. म्हणजे तुमची २०१२ ची पुण्याची गाडी बीएस-४ असेल आणि शेजारच्या काकांची त्याच साली यवतमाळला घेतलेली, तेच मॉडेल, बीएस-३ असेल. काका पास, तुम्ही नापास, असं होऊ शकतं. बीएस-२ आणि बीएस-३ च्या पेट्रोल गाडीला आयडलिंगवर, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन नुसतं सुरू असताना, सीओ ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन, म्हणजे न जळालेलं इंधन, ७५० पीपीएमपर्यंत चालतं. बीएस-४ ला तेच ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. त्यातून बीएस-४ गाडी अडीच हजार आरपीएमच्या आसपास धरूनही तपासतात, आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा लॅम्डा नावाचा आकडा एकच्या अगदी जवळ यावा लागतो. डिझेलला धुराची मर्यादा जुन्या गाडीसाठी ६५ एचएसयू (धुराचा दाटपणा मोजायचं एकक), बीएस-४ साठी ५०. याच्या बदल्यात बीएस-४ ला प्रमाणपत्र वर्षाचं मिळतं, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांचं. त्यामुळे जुनी गाडी वर्षातून दोनदा या रांगेत उभी राहणारच, हे धरून चाला.

आता त्या पोटात गेलेल्या गोष्टींबद्दल.

आपल्या साताऱ्याकडची माती पावसात चिकटते आणि उन्हात गप्प बसते. इथली काळी माती वाळली की पीठ होते. दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीन निघतं, रस्त्याकडेला थ्रेशर लागतात आणि त्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या धुरळ्यातून आपण काचा वर करून जातो. आपण काचा वर करतो, इंजिनाला ती सोय नाही. पुढे कापसाचे दिवस आले की जिनिंगच्या आसपासच्या रस्त्यावर रुई उडत असते. माझ्या मिस्त्रीनं एअर फिल्टर बाहेर काढून पेपरवर आपटला तेव्हा चहाच्या कपात मावेल एवढी माती पडली, वर कापसाचा थर. फिल्टर तुंबला की इंजिनाला हवा कमी पडते, पेट्रोल पुरतं जळत नाही आणि सीओ वाढतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत हे लगेच होतं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर काही काळ सांभाळून घेतो, पण तोही जुना असतो. गाडीच्या पुस्तकात फिल्टर किती किलोमीटरला बदलायचा ते लिहिलेलं असतं. ते पुस्तक लिहिणाऱ्यानं सोयाबीनची मळणी पाहिलेली नसावी. मी दर दिवाळीत नवा टाकते, आणि मार्च-एप्रिलमध्ये एकदा हवा मारून घेते. हवा आतून बाहेर मारायला सांगा, नाहीतर माती कागदात आणखी रुतते.

दुसरी गोष्ट सांगितली तर तुम्ही हसाल. उंदीर. पीक निघालं की शेतातले उंदीर गावाकडे वळतात, आणि थंडीत गरम बॉनेटखाली त्यांची सोय होते. माझ्या गाडीत त्यांनी ऑक्सिजन सेन्सरची वायर कुरतडली होती. गाडी चालायची, फक्त ॲव्हरेज घसरलं आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. मी दोन महिने त्या दिव्याकडे काणाडोळा केला. हा दिवा लागलेला असताना पीयूसीला जाऊ नका. आधी स्कॅनर लावून घ्या, आता तालुक्याच्या गावीही एखाद्याकडे तो असतो.

तिसरी गोष्ट आपल्या सवयीची. साताऱ्याला गाडी महामार्गावर पळायची. इथं घर ते कॉलेज दोन किलोमीटर. इंजिन तापायच्या आत बंद होतं, प्लगवर काजळी धरते, आणि धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तर साधारण तीनशे अंशांवर गेल्याशिवाय नीट कामालाच लागत नाही. माझा मिस्त्री म्हणतो ते पाठ करून ठेवा: "ताई, पयले यवतमाळ रोडनं वीस-पंचवीस किलोमीटर दौडवून आना, मंग नळी लावा." परत येताना एखादा गिअर खालचाच ठेवा, एसी बंद करा, आणि केंद्रावर रांग असली तरी इंजिन बंद करू नका. काठावरच्या कितीतरी गाड्या एवढ्यानंच पास होतात.

न झाली तर आकडे बघा. सीओ जास्त असेल तर पेट्रोल जास्त जातंय: एअर फिल्टर, चोक, थर्मोस्टॅट, सेन्सर. हायड्रोकार्बन जास्त असेल तर ठिणगी चुकतेय: प्लग, प्लगच्या वायरी, टायमिंग. जुनं ऑइलही दोन्हींत भर घालतं, म्हणून ऑइल बदलायचंच असेल तर चाचणीच्या आधी बदला. सायलेन्सरला भोक पडलं असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि लॅम्डा बिघडतो. वेल्डिंगवाला अर्ध्या तासात बुजवून देतो.

डिझेलवाल्यांनो, तुमची चाचणी वेगळी. ॲक्सिलरेटर एकदम तळापर्यंत दाबतात, सोडतात, पुन्हा दाबतात, असं चार-पाच वेळा. टायमिंग बेल्ट जुना असेल तर तो इथंच तुटायचा, म्हणून त्याचं वय आधी विचारून घ्या. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा कूलंट आत जातंय. डिझेल फिल्टरमधलं पाणी काढून टाका. आणि इथून सेकंडहँड गाडी घेतली असेल तर इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपाचं सील बघा. ओढ वाढावी म्हणून पंप वाढवून घेणारे पुष्कळ भेटतील. त्या गाड्या चढाला पळतात आणि मागे काळा शालू सोडत जातात. सील तुटलेलं दिसलं तर पंप-नोझलवाल्याकडे न्या. जिथं ट्रॅक्टर तिथं तो असतोच, आणि डिझेलच्या बाबतीत इथल्या मिस्त्रींचा हात आपल्याकडच्या शोरूमपेक्षा बरा, हे मी सातारकर असून कबूल करते.

त्यांची एक गोष्ट मात्र ऐकू नका. "ताई, कन्व्हर्टरची जाळी काढून टाकतो, गाडी मस्त उचलते." खरंच उचलते. पण मग पुढच्या वेळी सीओ आणि हायड्रोकार्बन कमी करणारं मागे काही उरत नाही, आणि नवा कन्व्हर्टर जुन्या गाडीच्या मानानं फार महाग पडतो. पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटल्यांचं म्हणाल तर इंजेक्टर थोडे मळले असतील तर फरक पडतो, टाकायची तर चाचणीच्या आधी एक टाकी संपवून मगच जा. मेलेला कन्व्हर्टर बाटलीनं जिवंत होत नाही.

आणखी एक. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवतं, तो फ्युएल फिल्टरमध्ये येऊन बसतो. जुनी गाडी असेल तर फिल्टर आणि रबरी नळ्या एकदा बघून घ्या.

कोणीतरी तुम्हाला म्हणेलच की गाडी कशाला नेता, नुसता फोटो पाठवा, पीयूसी घरपोच येईल. आठवडी बाजारात हे जितक्या सहज बोललं जातं तितक्या सहज मी पहिल्या वर्षी हो म्हणाले असते. कायद्यात पीयूसीशिवाय गाडी चालवल्यास दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स जाण्याची तरतूद आहे, ते भय आहेच. पण मला त्याहून वाईट हे वाटतं की नापासाचा कागद आपल्याला गाडीचा आजार फुकटात सांगतो. तो डॉक्टरच बंद करून कसं चालेल?

जाताना नंबर प्लेट पुसून न्या, फोटो निघतो. नोंदणीला जोडलेला मोबाइल चालू ठेवा. एमएच-११ चा नंबर एमएच-२९ मध्ये चालतो, राज्यातल्या राज्यात तो बदलावा लागत नाही, पण पत्ता बदलून घ्या. पंधरा वर्षं होत आली असतील तर फिटनेस आणि पर्यावरण कराचं वेगळं प्रकरण आहे, त्यासाठी आरटीओचा तालुक्यातला कॅम्प कधी असतो ते विचारून ठेवा.

शक्यतो पीयूसी दिवाळीनंतर, नवा फिल्टर टाकून काढा. सहा महिन्यांचं असेल तर पुढची पाळी वैशाखातल्या पंचेचाळीस अंशांच्या सुमाराला येते. तेव्हा सकाळी नवाच्या आत जा. उन्हाळ्यात केंद्रवाला बारा वाजता शटर ओढतो आणि मिस्त्री पाचच्या आत उठत नाही.