पुण्यात मुलींचं कॉलेज निवडताना आधी काय बघायचं

यादी करताना प्रत्येक कॉलेजच्या नावापुढे दोन गोष्टी लिहा: पदवी कोणत्या विद्यापीठाची आणि प्रवेश कशावर. कर्वे रस्त्यावरच्या एसएनडीटीच्या कॉलेजांची पदवी महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाची असते. कर्वेनगरचं कमिन्स इंजिनिअरिंग आणि कोरेगाव रोडचं सेंट मीराज यांची पदवी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची. ही दोन्ही कॉलेजं स्वायत्त आहेत, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या स्वतःच्या. त्यामुळे दुसऱ्या वर्षी कॉलेज बदलायचं ठरलं तर विषय आणि क्रेडिट जुळवताना दमछाक होते.

बीए, बीकॉमला बारावीचे गुण चालतात. बीबीए, बीसीएला मात्र २०२४ पासून सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा आली. इंजिनिअरिंगला एमएचटी-सीईटी, आर्किटेक्चरला नाटा ही प्रवेश परीक्षा. बारावीच्या निकालानंतर चौकशी सुरू केली तर परीक्षेच्या अर्जाची मुदत अनेकदा उलटून गेलेली असते.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या इंजिनिअरिंगच्या कॅप फेरीत, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत. मिश्र कॉलेजांत ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात, आणि कटऑफच्या तक्त्यात त्यांचा कोड ‘एल’ने सुरू होतो. मुलींच्या कॉलेजच्या कटऑफशी तुलना करायची ती या ‘एल’ रकान्याशी. बऱ्याच घरांत ‘जी’चा, म्हणजे सर्वसाधारण जागांचा आकडा बघून चांगलं कॉलेज यादीतून उगाच उडवलं जातं. शाखाही तीच धरा. कॉम्प्युटरच्या कटऑफवरून मेकॅनिकलचा अंदाज येत नाही. पसंतीक्रम मिळेल त्याचा नाही, हवं त्याचा लावा. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती ऑटो फ्रीझ, म्हणजे आपोआप पक्की होते, पुढच्या फेऱ्यांची दारं बंद होतात. म्हणून पहिल्या क्रमांकावर ‘बघू मिळतंय का’ म्हणून काहीही टाकू नका.

फीचं गणित इथेच ठरतं. २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल (ईडब्ल्यूएस), सामाजिक-शैक्षणिकदृष्ट्या मागास (एसईबीसी) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की सवलत गेली. उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रीमी लेयर मे महिन्यातच काढून ठेवा, कारण जूनमध्ये सेतू केंद्रावर रांगा लागतात. वसतिगृह, मेस यांचा खर्च या माफीत धरू नका.

प्लेसमेंटच्या जाहिरातीतला सर्वात मोठा पगार एका-दोघींचा असतो. त्याऐवजी कॉलेजच्या वेबसाइटवर एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीसाठी दिलेली माहिती उघडा. किती मुली पास झाल्या, किती नोकरीला लागल्या, किती पुढे शिकायला गेल्या आणि मध्यक पगार किती, हे त्यात असतं. बीए, बीकॉमसाठी वेगळा प्रश्न विचारा: तुमच्या विषयात चौथं, ऑनर्सचं वर्ष याच कॉलेजात चालतं का?

मग कामाच्या दिवशी दुपारी जाऊन या. नळस्टॉपला मेट्रोने उतरून एसएनडीटी गाठता येतं. कर्वेनगरला मेट्रो नाही, पीएमपी किंवा रिक्षा. येणं-जाणं दिवसाला तीन तासांवर जात असेल तर वसतिगृहाचा विचार करा. त्याचा अर्ज बहुतेक ठिकाणी वेगळा असतो; कॉलेजात प्रवेश म्हणजे खोली नक्की, असं नाही. गेट किती वाजता बंद होतं आणि लॅब किंवा स्पर्धेमुळे उशीर झाला तर काय करतात, हे ऑफिसात विचाराच, पण तिथे राहणाऱ्या दोन-तीन मुलींनाही विचारा.