धावणारा तो, धावपळ आपली

अलिबागहून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने धावत जायचं मावसभावाच्या डोक्यात आलं, तेव्हा नात्यागोत्यात गाडी चालवणारा आणि रजा शिल्लक असलेला मीच होतो. एवढ्या पात्रतेवर मी सपोर्ट क्रू, म्हणजे गाडीतून त्याचं खाणंपिणं आणि सामान सांभाळणारा, झालो. अकरा दिवस, रोज ४० ते ४५ किलोमीटर, डिसेंबरात. असं काम कुणाच्या गळ्यात पडलं तर माझ्या चुका उपयोगी पडाव्यात.

पहिली गोष्ट खाड्यांची. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या चार ठिकाणी आम्ही फेरीबोटीने पार झालो. म्हणजे दिवसाचं गणित किलोमीटरवर नाही, बोटीवर बसवायचं. शेवटची फेरी किती वाजता, हे आदल्या दिवशीच जेटीवर विचारून ठेवा.

दाभोळला मी शहाणपणा केला. रांग नव्हती, म्हणून 'पलीकडे जाऊन सावली धरतो' असं मनाशी म्हणत गाडी बोटीत चढवली. दादा अजून चारेक किलोमीटर मागे होता. बोट सुटल्यावर लक्षात आलं, त्याचं पाणी, पैसे, फोन सगळं माझ्याकडे! जेटीवरच्या टपरीवाल्या मावशींनी त्याला उधारीवर लिंबू सरबत पाजलं. संध्याकाळपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. तेव्हापासून नियम केला: दादा बोटीत पाय ठेवेपर्यंत गाडी अलीकडेच.

एरवी दर चार-पाच किलोमीटरवर पुढे जाऊन थांबायचं. सड्यावरचा चढ असेल तर तीनवरच, कारण जांभ्या दगडाच्या त्या माळावर झाड औषधालाही नसतं.

पाण्याबाबत माझा समज उलटाच होता. मी सारखं पाणी पाजत होतो. तिसऱ्या दिवशी त्याची अंगठी बोटात रुतली, मळमळायला लागलं. घामातून मीठ जातं आणि वरून नुसतं पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम उतरतं. हे प्रकरण जिवावर बेतू शकतं. अंगावर सूज, डोकेदुखी, असंबद्ध बोलणं दिसलं तर पाणी बंद आणि थेट दवाखाना. आमचं मळमळीवरच निभावलं. पुढे वजनकाटा घेतला. सकाळपेक्षा संध्याकाळी वजन वाढलेलं दिसलं, तर पाणी जास्त होतंय. आणि मुक्कामाच्या घरी सांगून मीठ घातलेली तांदळाची पेज थर्मासमध्ये भरून घ्यायला लागलो. धावताना खायच्या महागड्या एनर्जी जेलची पाकिटं निम्मी परत आली. पेज रोज संपायची.

पायांचं थोडक्यात: मोजे दुपारी बदलायचे, व्हॅसलीन सढळ हाताने, आणि टोचतंय म्हणाला की तिथेच बूट काढायला लावायचा. संध्याकाळपर्यंत थांबलात तर फोड येतोच.

सगळ्यात अवघड काम बोलण्याचं आहे. "कसं वाटतंय?" विचारू नका. तिसाव्या किलोमीटरला कुणालाही वाईटच वाटतं. "काय खाणार?" हेही नको, दमलेल्या माणसाला ठरवणं झेपत नाही. मी दोन हात पुढे करायचो, एकात केळं, दुसऱ्यात मीठ लावलेला उकडलेला बटाटा. तो एकाला हात लावायचा. किती राहिलंय ते त्याने विचारल्याशिवाय सांगायचं नाही, पण विचारलं तर खरंच सांगायचं. एकदा दोन किलोमीटर कमी सांगितले होते मी. दुसऱ्या दिवशी माझ्या कुठल्याच आकड्यावर त्याचा विश्वास बसेना.

स्वतःची झोप मात्र मी धरलीच नव्हती. त्याचे कपडे धुणं, बाटल्या भरणं, उद्याचा रस्ता बघणं यात बारा वाजायचे. नवव्या दिवशी देवगडच्या अलीकडे मी स्टिअरिंगवर डोकं टेकलेलं त्याने पाहिलं. बाटली स्वतःच उचलली आणि म्हणाला, "तू झोप तासभर. मी हळूहळू पुढे होतो."