स्टुडिओतला जुना लाईट हाती आलाय पण कुठला ते कळत नाही? प्लग लावायच्या आधी हे बघा

मध्यंतरी आमच्या एकांकिकेच्या तालमीला एक पोरगा बंद पडलेल्या व्हिडिओ स्टुडिओतून लाईट घेऊन आला, चांगला जड लोखंडी डबा, पुढे काच, कडेला तीन रंगीत कप, आणि कंपनीची पट्टी कधीच निघून गेलेली. सगळ्यांचं एकच, दादा हा प्रयोगाला चालेल का. चालेल की, पण आधी तो आहे काय ते ओळखायचं आणि ओळखेपर्यंत प्लग लावायचा नाही म्हणजे नाही. लोक कंपनीचं नाव शोधत बसतात, माझ्या मते त्यात वेळ जातो फक्त. लाईट ओळखायचा तो काचेवरून आणि बल्बच्या पिनांवरून.

काच आधी पुसून घ्या आणि बोट फिरवून बघा. गोल गोल पायऱ्या लागल्या, पाण्यात दगड टाकल्यावर तरंग उठतात तशा, तर तो फ्रेनेल. ही काच मुळात दीपगृहासाठी बनवलेली, ऑग्युस्तँ फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसाने १८२२ च्या सुमारास, जाड भिंग पातळ आणि हलकं करायला. शूटिंगवाले लाईटमन आकार बघून यालाच बेबी किंवा सोलर म्हणतात. काच गुळगुळीत फुगीर असेल तर पीसी, म्हणजे प्लॅनो-कॉन्व्हेक्स, एका बाजूने सपाट भिंगाचा लाईट. लांब नळकांडं आणि मधोमध चार पत्रे आतबाहेर सरकतायत म्हणजे प्रोफाइल. काचच नाही, पन्हाळीसारख्या रिफ्लेक्टरमध्ये पेन्सिलीएवढी ट्यूब आहे, तर तो साधा हॅलोजन फ्लड. मोठा पांढरा वाकडा पत्रा आणि ट्यूब समोरून दिसतच नाही अशी लपवलेली, तो स्टुडिओचा सॉफ्टलाईट, चेहऱ्यावर फार सुंदर पडतो पण स्टेजवर त्याचा उजेड सगळीकडे सांडतो. पार कॅन, म्हणजे साध्या गोल डब्यात मोटारीच्या हेडलाईटसारखा बल्ब, तो तर लगेच ओळखू येतो.

आता ते तीन कप. बऱ्याच जणांना वाटतं काहीतरी तुटून तेवढंच राहिलंय. तसं नाही, स्टुडिओत लाईट वर ग्रिडला, म्हणजे छताखालच्या पाइपांच्या जाळीला टांगलेले असतात आणि खालून लांब काठीने कप फिरवून लाईट डावा-उजवा, वर-खाली आणि फोकस करतात. म्हणजे कप दिसले की लाईट स्टुडिओचा हे नक्की. अशा लाईटला बहुतेक वेळा हुक क्लॅम्प नसतो, वर २८ मिलिमीटरचा भरीव दांडा असतो, तो आपल्या नाट्यगृहाच्या पाइपला बसत नाही. त्यासाठी क्लॅम्पचा अडॅप्टर मिळतो तोच घ्या, सुतळीने नाहीतर बाइंडिंग वायरने बांधू नका, खाली पोरं उभी असतात. आणि सेफ्टी चेन हवीच.

मग बल्ब. लाईट पूर्ण थंड, वायर कशातच नाही, अशा वेळीच उघडा. आतली वायर पांढरट, कापसासारखी तंतू निघालेली दिसली तर तिथेच थांबा, जुन्या लाईटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ते झटकायचं नाही, फुंकर मारायची नाही, तो लाईट बाजूला ठेवा आणि जाणकार माणसाला दाखवा. वायर ठीक असेल तर बल्ब स्वच्छ कपड्याने धरून काढा, काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल राहिलं की तिथूनच काच तापून फुटते. बुडाशी बारीक अक्षरात वॅट, व्होल्ट आणि कोड असतो. सीपी ने सुरू होणारा कोड म्हणजे ३२०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) कॅमेऱ्यासाठीचा, टी वाला थिएटरचा, थोडा पिवळसर पण जास्त टिकणारा.

बल्ब नसेलच तर होल्डरच्या दोन भोकांमधलं अंतर पट्टीने मोजा. ९.५, २२, ३८ मिलिमीटर, आणि नाव पण तेच, जी २२ म्हणजे पिना २२ मिलिमीटरवर. ९.५ मध्ये प्रकार बरेच आहेत, पिनांची जाडी बदलते, त्यामुळे दुकानात होल्डरचा फोटो नेलेला बरा. आमच्या डब्यात ३८ निघालं, बल्ब सीपी ४१, २००० वॅट. पण जी ३८ मध्ये ५००० वॅटचे बल्ब पण येतात, तेव्हा होल्डरवरून वॅटचा अंदाज बांधू नका, बॉडीवर लिहिलेलं कमाल वॅट शोधा.

व्होल्ट तर दोनदा वाचा. अमेरिकेतून आलेल्या लाईटमध्ये १२० व्होल्टचा बल्ब असू शकतो, माझ्यासमोर असा एक २३० वर लावला गेला, पांढराशुभ्र उजळला आणि क्षणात गेला, बरं की पुढची काच बंद होती.

वायर एका वेगळ्या जड पेटीत, म्हणजे बॅलास्टमध्ये जात असेल तर तो बहुधा एचएमआय, म्हणजे तारेऐवजी वायूतल्या ठिणगीवर पेटणारा शूटिंगचा लाईट, त्याला डिमरवर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायच्या यंत्रावर, कधीच लावायचं नाही. एलईडी असेल तर मागे बहुतेक डीएमएक्सची, म्हणजे लाईट बोर्डावरून हुकूम येणाऱ्या वायरची सॉकेट दिसतील, तो पण थेट लाईनवर, डिमरवर नाही.

शेवटी मल्टिमीटर घ्या, प्लगची अर्थ पिन आणि बॉडीचा उघडा स्क्रू यात कंटिन्युइटी आली पाहिजे, म्हणजे दोन्ही आतून जोडलेले असल्याचं मीटरने दाखवलं पाहिजे, रंगावर टेकवून नाही आली म्हणू नका. नाही आली तर वायर आधी बदला. २००० वॅट २३० वर साधारण ८.७ अँपिअर ओढतो, तेव्हा ५ अँपिअरचा प्लग नको, १५ वालाच, आणि डिमरचा चॅनेल तेवढं घेतो का तेही बघा. पहिल्यांदा लावताना पडद्यापासून लांब, मोकळ्या जागेत, २० टक्क्यावर दहा मिनिटं ठेवा, धूळ जळल्याचा वास येतो तो जातो, रबर जळाल्याचा आला तर लगेच बंद.

आमचा तो लाईट आता डाव्या विंगेत स्टँडवर आहे, खिडकीतून येणारी सकाळ म्हणून, फ्रेनेलची कड मऊ असते त्यामुळे ऊन भिंतीवर छान विरत जातं. बॉडीवर मार्करने २०००, २३०, जी ३८ असं मोठं लिहून ठेवलंय, पुढच्या वर्षीच्या पोरांना परत उघडायला नको.