"काढून टाका एकदाची" म्हणण्याआधी

दाढ ठणकायला लागली की आपल्याकडं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, काढून टाका एकदाची. मीपण तेच म्हणत गेलो होतो. उसाचं कांडं दातानं सोलताना खालची उजवी दाढ अशी कळवळली की रात्रभर लवंग धरून बसलो आणि सकाळी सांगलीच्या विश्रामबागेत डॉक्टरकडं खुर्चीत बसायच्या आधीच निकाल सांगून मोकळा झालो. डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, काढायला पाच मिनिटं लागतात, पण परत लावता येत नाही, आधी एक्सरे बघू. ती दाढ आज सहा वर्षं जागेवर आहे, आरसीटी म्हणजे रूट कॅनाल करून वर कॅप, म्हणजे दातावर बसवलेली टोपी. आणि त्याच वर्षी आईचे खालचे पुढचे दोन दात काढावे लागले, जे तिला एक दिवससुद्धा दुखले नव्हते.

तेव्हा कुठं डोक्यात शिरलं, की किती दुखतंय यावर हे ठरतच नाही, दात किती उरलाय आणि कशावर उभाय यावर ठरतं. रात्री झोपू न देणारा ठणका म्हणजे बऱ्याचदा आतली नस सुजलेली असते, आणि आरसीटीत तीच काढून आतली पोकळी साफ करून भरतात, म्हणजे सगळ्यात जास्त बोंबलणारी दाढ कधीकधी सगळ्यात वाचण्यासारखी असते. उलट हाड झिजून दात हलायला लागला तरी तो बऱ्याचदा गप्पच बसतो.

म्हणून डॉक्टरला पहिलं सांगायचं, एक्सरे मला दाखवून समजावा. एक-दोन दातांचा छोटा एक्सरे लगेच स्क्रीनवर येतो. मुळाच्या टोकाला काळा डाग दिसला तर तिथलं हाड बहुतेक इन्फेक्शननं विरघळलंय, पण घाबरून लगेच काढा म्हणू नका, आरसीटी नीट झाली तर तो डाग काही महिन्यांत बऱ्याचदा भरून येतो. मग विचारायचं, कीड सगळी साफ केल्यावर हिरडीच्या वर दात किती राहील? कॅपला पकडायला सगळ्या बाजूनं साधारण दीड-दोन मिलिमीटर चांगला दात लागतो, तेवढा नसला तर आरसीटी कितीही भारी होवो, कॅप उद्या हातात येणार. आणि मूळ उभं चिरलंय का, हे तर नक्की विचारा. मूळ उभं चिरलं असेल तर बहुतेक वेळा काढण्याशिवाय इलाज नसतो. ही चीर एक्सरेत दरवेळी दिसत नाही, त्यामुळं "उघडून बघितल्यावर सांगतो" असं डॉक्टर म्हणाले तर ते टाळतायत असं समजू नका, फक्त चीर निघाली तर पुढं काय आणि खर्च किती ते आधीच बोलून घ्या.

हलणाऱ्या दाताचं गणित वेगळं. डॉक्टर बारीक खुणा असलेली काडी हिरडीत घालून खोली मोजतात, एक ते तीन मिलिमीटर ठीक, सहा-सातच्या पुढं गेलं की काळजीचं. आणि दोन हत्यारांच्या मध्ये धरून दात हलवून बघतात, दात वरखालीसुद्धा हलत असेल तर तो बहुतेक गेलाच. आमच्या आईचं तसंच झालं, चाळीस वर्षं मिशरी, म्हणजे भाजलेली तंबाखू, आणि डॉक्टरनं विचारल्यावर म्हणे कधीतरी लावते. कधीतरी! सकाळ-संध्याकाळ डबी उघडणारी बाई. घरच्यांनी तिथं खरं सांगावं, कारण तंबाखू चालू असली की हिरडीची ट्रीटमेंट टिकत नाही आणि काढल्यावर जखमही उशिरा भरते.

गोळ्यांची पिशवी सोबत न्या. शुगर असेल तर ताजा रिपोर्ट दाखवा. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनानं बंद करू नका, दाताच्या आणि हृदयाच्या डॉक्टरना एकमेकांशी बोलू द्या. हृदयाचा व्हॉल्व्ह बदललाय का तेही सांगा, आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. हाडं ठिसूळ झाली म्हणून इंजेक्शन घेतलं असेल तर ते तर सांगायलाच पाहिजे, कारण अशांच्या जबड्याची जखम कधीकधी भरतच नाही आणि मग शक्य तिथं काढण्यापेक्षा आरसीटीच बरी पडते.

चिठ्ठीवर ४६ लिहिलेलं बघून मी उडालो होतो, तोंडात दात बत्तीस आणि हा नंबर कुठनं आला. तर पहिला आकडा तोंडाचा कोपरा, १ वरचा उजवा, २ वरचा डावा, ३ खालचा डावा, ४ खालचा उजवा, आणि दुसरा आकडा मधल्या दातापासून मोजायचा. शेवटी ८ असला की ती अक्कलदाढ. दुसरीकडं दाखवायला जाताना हा नंबर आणि एक्सरे मोबाईलवर असू द्या, आणि काढायच्या दिवशी भुलीच्या इंजेक्शनआधी हाच नंबर ना, असं बोटानं दाखवून विचारा, कुणी हसलं तर हसू दे.

पैशाचं बोलायला लाजू नका. आरसीटीचा आकडा सांगतात त्यात बऱ्याचदा कॅप धरलेली नसते, कितीतरी जण तिथंच फसतात, आरसीटी करून कॅप ठेवतात राहून आणि वर्षभरात दाढ फुटते. परवडत नसेल तर सांगली-मिरज रोडला भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज आहे, कवलापूरला वसंतदादांच्या नावाचं आहे, सातारा-कराडकडच्यांना कराडजवळच्या मलकापूरला कृष्णा विद्यापीठाचं. कॉलेजमध्ये शिकणारी पोरं सरांच्या नजरेखाली काम करतात, फेऱ्या जास्त होतात पण खर्च कमी. आणि वरची दाढ काढली की नजर जाते ही गोष्ट सोडून द्या, डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी.

थांबलं तर काय होईल हेही विचारा. काही अक्कलदाढा आडव्या असूनही गप्प असतात, त्यांना नुसतं नजरेखाली ठेवलं तरी चालतं, पण सारखी हिरडी सुजत असेल किंवा शेजारच्या दाढेला कीड लागत असेल तर काढलेलीच बरी. मात्र सूज गळ्याकडं उतरतेय, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वास अडकतोय असं झालं तर अपॉइंटमेंट बघत बसू नका, रात्र असली तरी सरळ मोठं हॉस्पिटल गाठा.

आणि काढायचंच ठरलं तर त्या जागी काय, ते त्याच दिवशी विचारून घ्या. जागा रिकामी ठेवली की शेजारचे दात कलतात, समोरच्या जबड्यातला दात हळूहळू त्या खड्ड्याकडं सरकतो. ब्रिज, म्हणजे बाजूच्या दातांच्या आधारानं बसवलेला दात, करायचा तर ते चांगले दात घासावे लागतात, इम्प्लांटला, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेल्या दाताला, हाड आणि पैसा दोन्ही लागतं, काढता-घालता येणारे दात स्वस्त पडतात पण सवय व्हायला वेळ लागतो. अक्कलदाढेच्या जागी काहीच बसवायचं नसतं. आईनं काढता-घालता येणारे घेतले. लग्नकार्याला घालते, बाकी दिवस ते वाटीत पाण्यात पडून असतात आणि ती भडंगातले शेंगदाणे वेचून मला देते.